यादीत नसलेली नावं

सप्टेंबर २००४मध्ये अरुण कोलटकर गेले, तेव्हा मी महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात मराठी वाचणारी मी एकटीच. त्यामुळे त्यांच्यावर टिपण लिहायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. मला टिपणासाठी एक आयतं साधन मिळालं होतं, त्यांची यादी.

आवडते कवी-लेखक कोण, असं एका मुलाखतीत कोलटकरांना विचारलं होतं. उत्तरादाखल त्यांनी नावांची रांगच लावली. व्हिटमन, मर्ढेकर, मनमोहन, एलियट, पाउंड. पुढे काफ्का, बोदलेर, कॅटुलस आणि त्यांच्या मागोमाग ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, एकनाथ, तुकाराम. मग वांग वेई, तू फू, हान शान हे चिनी कवी आणि लगेच रामजोशी, होनाजी. मांडेलश्टाम, दोस्तोयेव्हस्की, गोगोल. ढसाळ आणि पठ्ठे बापूराव. रहस्यकथावाले रेक्स स्टाउट आणि अगाथा ख्रिस्ती. नेमाडे, लुईस कॅरोल, बॉब डिलन. गोडसे भटजी, चक्रधर, कीर्कगॉर, बहिणाबाई चौधरी, कबीर. आणि कबीरानंतर मिसिसिपीकडचे ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स. शेवटाकडे वायदा, कुरोसावा, आयझेनस्टाइन, त्रुफो आणि लॉरेल-हार्डी. ही सगळी नावं नव्हेत, निम्मीसुद्धा नव्हेत.

प्रश्न कवी-लेखकांचा होता आणि उत्तरात गवई, दिग्दर्शक, विनोदवीर सगळे आले. कुणाला वरचं पान दिलेलं नाही, कुणाला पायरीवर बसवलेलं नाही. मध्ये फक्त स्वल्पविराम.

मी मात्र तेव्हा विद्यार्थिनी होते. मी कागदावर चार रकाने पाडले: मराठी, युरोपीय, अमेरिकन, पौर्वात्य. मग प्रत्येक रकान्यातून कोलटकरांच्या कवितांकडे बाण काढले. हा अमक्याचा प्रभाव, हा तमक्याचा. टिपण परत आलं तेव्हा शिक्षकांनी खाली पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहिला होता: यातलं त्यांनी कुठल्या भाषेत वाचलं? मला तो प्रश्न किरकोळ वाटला. मराठीत आणि इंग्रजीत, दुसरं काय? आज वीस वर्षं अनुवाद करून झाल्यावर वाटतं, त्या टिपणातली सगळ्यात मोलाची ओळ तीच होती आणि ती माझी नव्हती.

ही यादी एका माणसाच्या आवडीची आहे, तशीच ती एका शहराच्या काही वर्षांचीही आहे. कोल्हापूरचे कोलटकर १९४९ साली मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले. आदल्याच वर्षी स्ट्रँड बुक स्टॉल सुरू झाला होता. १९५२च्या जानेवारीत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईतच भरला आणि ‘बायसिकल थीव्हज’, ‘राशोमोन’ हे चित्रपट इथल्या लोकांना पाहता आले. १९५४मध्ये कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं. १९६२मध्ये ॲलन गिन्सबर्ग मुंबईत येऊन इथल्या कवींमध्ये वावरून गेले. १९६३मध्ये अशोक शहाण्यांचं ‘असो’ आलं. त्याच दशकात पेंग्विननं आधुनिक युरोपीय कवींची स्वस्त कागदी बांधणीची माला काढली. फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असत. काळा घोड्याजवळ रिदम हाऊस होतं आणि तिथून हाकेच्या अंतरावर वेसाइड इन. या उपाहारगृहात कोलटकर वर्षानुवर्षं गुरुवारी दुपारी मित्रांसोबत बसत. म्हणजे एवढं सगळं वाचायला, बघायला, ऐकायला त्यांना जगभर हिंडावं लागलं नाही. जगच अर्ध्या किमतीत, कोपरे दुमडलेलं, फोर्टात येऊन पडलं होतं.

पण ते आपल्या पायांनी आलं नव्हतं. मांडेलश्टाम रशियनमध्ये लिहीत, कॅटुलस लॅटिनमध्ये, वांग वेई चिनीत, काफ्का जर्मनमध्ये, आयझॅक बाबेल रशियनमध्ये, सिंगर यिडिशमध्ये. फोर्टातल्या वाचकाच्या हाती ते पडत ते इंग्रजीतून. दोस्तोयेव्हस्की आणि गोगोल इंग्रजीत घरोघरी गेले ते कॉन्स्टन्स गार्नेट या बाईंमुळे. हान शानला इंग्रजीत आणणाऱ्यांत आर्थर वेली होते आणि गॅरी स्नायडर होते. कोलटकरांच्या यादीत असलेल्या पाउंडनं तर १९१५ सालीच चिनी कवितांच्या इंग्रजी रूपांचं पुस्तक काढलं होतं. पण पाउंड वगळता या ओझी वाहणाऱ्यांपैकी कुणाचं नाव मला त्या यादीत सापडत नाही. याचा दोष मी कोलटकरांना देत नाही. आपण सगळे असंच बोलतो. ‘मी काफ्का वाचला’ असं म्हणतो, ‘काफ्काचा अनुवाद वाचला’ असं म्हणत नाही. आणि स्वतः कोलटकर तर त्याच हमालीतले होते. साठच्या दशकातच त्यांनी तुकारामाचे अभंग इंग्रजीत नेले. जनाबाईही नेली.

इथे ती यादी माझ्या धंद्याशी येऊन भिडते. ‘मै मॅनेजरको बोला’ ही त्यांची १९६०ची कविता मुंबईच्या हिंदीत आहे. ती हिंदी ना बनारसची, ना आकाशवाणीची. ती गोदीतली, इराण्याच्या हॉटेलातली, रस्त्यावरची. ती इंग्रजीत नेताना कोलटकरांनी व्याकरणशुद्ध इंग्रजी वापरलं नाही. त्यांनी अमेरिकी गुंडाच्या तोंडी शोभेल अशी बोली निवडली. ही बोली शब्दकोशात मिळत नाही. ती रहस्यकथा वाचून, सिनेमे बघून, ब्लूज ऐकून कानात मुरावी लागते. माझ्या रकान्यांच्या हिशेबात रेक्स स्टाउट म्हणजे फावल्या वेळचं वाचन होतं. कोलटकरांच्या हिशेबात असल्या वाचनात हत्यारं मिळत होती.

तुकारामाचंही तसंच. अभंगाच्या शेवटी कवी स्वतःचं नाव घेतो. रॉबर्ट जॉन्सनही गाता गाता स्वतःचं नाव घेतो, स्वतःची कीव करतो आणि पुढे जातो. या जॉन्सननं १९३६ आणि १९३७मध्ये मिळून एकोणतीस गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ साली, सत्ताविसाव्या वर्षी तो मेला. देहूचा वाणी आणि मिसिसिपीचा गिटारवाला यांच्यात कुणाचा कुणावर प्रभाव शोधणार? बाण काढायला जागाच नाही. पण दोघांना एकाच कानानं ऐकणारा माणूस एकाची कळ दुसऱ्याच्या आवाजात ओळखू शकतो. कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले आणि १९७३च्या सुमारास त्यांनी स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणीही मुद्रित करून पाहिली. ऐकणं हा त्यांच्यासाठी वाचनाच्या खालचा मजला नव्हता.

काही वर्षांपूर्वी मी जनाबाईचे काही अभंग हिंदीत करत होते. पहिला खर्डा मी ब्रजच्या वळणाचा केला, कारण हिंदीत भक्ती म्हटलं की ब्रज सुचते. वाचून पाहिला तर त्याला देवळातल्या उदबत्तीचा वास येत होता. जनाबाईच्या अंगाला तर पिठाचा आणि शेणाचा वास. दुसरा खर्डा खडी बोलीत केला, तो सरकारी पत्रासारखा झाला. तेव्हा ती यादी आठवली, विशेषतः त्यातला कबीर ते जॉन्सन हा स्वल्पविराम. मी पुस्तकं बाजूला ठेवली आणि भोजपुरी जँतसार ऐकायला लागले, म्हणजे जात्यावर दळताना बायका म्हणतात ती गाणी. आठवडाभर दुसरं काही ऐकलं नाही. श्वास कुठे तुटतो, देवाशी भांडताना आवाज कुठे उतरतो, एवढंच टिपत राहिले. तिसऱ्या खर्ड्यात ओळी आखूड झाल्या आणि विठोबाला सरळ ‘तू’ म्हणता आलं. अनुवाद फार थोर झाला असं नाही. पण निदान बाई दळत होती.

या यादीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की हे सगळं परकं, उसनं आहे. नेमाड्यांनी ‘जेजुरी’तली नजर पर्यटकाची असल्याची टीका केली. नेमाडे स्वतः त्या यादीत आहेत, हे लक्षात ठेवून मी ती टीका वाचते. माझ्या मते आक्षेपाला उत्तर यादीतच आहे. विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक चार पैसे मिळवायला उत्तरेत गेले, १८५७च्या धामधुमीत सापडले आणि परत येऊन ‘माझा प्रवास’ लिहून गेले. ते पुस्तक छापायला १९०७ उजाडलं. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटानं लोकांना विचारत फिरून गोळा केल्या. बहिणाबाईंच्या ओव्यांचं पुस्तक १९५२मध्ये, त्या गेल्यानंतर निघालं. ज्याला फक्त परदेशाचा सोस आहे, तो यांच्यापर्यंत पोचत नाही. कोलटकरांनी घरचं नाकारून बाहेरचं घेतलं नाही. त्यांनी घर आणि बाहेर यांच्यातला उंबरठा काढून टाकला.

तरी एक गोष्ट मला पूर्वीपासून खटकत आली आहे. यादीत बायका थोड्या. जनाबाई, बहिणाबाई, सिल्व्हिया प्लाथ, अगाथा ख्रिस्ती, अशी बोटांवर मोजता येतील एवढीच नावं. आणि मग २००३मध्ये ‘भिजकी वही’ येते. ती भिजली आहे बायकांच्या आसवांनी. त्यात आयसिस आहे, कॅसांड्रा आहे, हायपेशिया आहे, राबिया आहे, कण्णगी आहे, व्हिएतनाममधली किम आहे. आणि नादेझ्दा आहे.

यादीत होता तो ओसिप मांडेलश्टाम. स्टालिनवर कविता केली म्हणून त्याला पकडलं. पुढे पुन्हा पकडलं आणि १९३८च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो मेला. कागद जवळ बाळगणं धोक्याचं होतं, म्हणून त्याच्या कविता त्याच्या बायकोनं, नादेझ्दानं तोंडपाठ केल्या. गावोगाव फिरत, मिळेल ती नोकरी करत तिनं त्या वर्षानुवर्षं जिभेवर सांभाळल्या. रशियनमध्ये तिच्या नावाचा अर्थ आशा. यादीत मांडेलश्टाम हे एक नाव येऊ शकलं, कारण त्यामागे एक बाई कविता घोकत बसली होती. यादीत तिला जागा नव्हती. ‘भिजकी वही’त कोलटकर तिच्याकडे वळले.

शिक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर मी आता वेगळं देईन. कोलटकरांनी ते सगळं दुसऱ्यांच्या तोंडून वाचलं. कुणी घोकलेलं, कुणी छापलेलं, कुणी एका भाषेतून दुसरीत उचलून आणलेलं, कुणी फुटपाथवर मांडून ठेवलेलं. जुनं टिपण अजून माझ्याकडे आहे. मागच्या पावसाळ्यात ते काढलं, चार रकान्यांवर काट मारली आणि खाली पेन्सिलीनं लिहायला लागले: गार्नेट, वेली, स्नायडर, म्हाइंभट, नादेझ्दा. कागद संपला तेव्हा पाठीमागच्या बाजूला लिहीत राहिले.