हेलियम, विजयदुर्ग आणि तीस वर्षांचे अंतर

१/ 'नॉर्मन लॉकयर यांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला' हे विधान आपल्याकडे वारंवार वाचायला मिळते. किल्ल्यावरील 'साहेबाचे कट्टे' त्याचा पुरावा म्हणून दाखवले जातात. यातील व्यक्ती खरी, स्थळ खरे आणि तारीखही खरी. मात्र ही तिन्ही त्या दिवशी एकत्र नव्हती.

२/ प्रथम तारीख. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची छाया भारतावरून गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आणि मेजर टेनंट गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणमला, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची असावी, असाच तेव्हा समज झाला.

३/ मग लॉकयर कुठे होते? इंग्लंडमध्ये. ते युद्ध खात्यात कारकून होते आणि खगोलशास्त्र हा त्यांचा छंद होता. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्यांनी वर्णपटदर्शकातून त्याच ज्वाळा पाहिल्या. जान्सेन यांनी ही किमया गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधली होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली.

४/ पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांशी जुळत नाही, हे लॉकयर यांच्या ध्यानी आले. तिची तरंगलांबी सुमारे ५८७.६ नॅनोमीटर, सोडियमच्या रेषा ५८९ च्या पुढे. हे नवे मूलद्रव्य असावे, असे त्यांनी मांडले. 'हेलिऑस' म्हणजे ग्रीक भाषेत सूर्य. त्यावरून नाव पडले हेलियम.

५/ पृथ्वीवर ते सापडायला १८९५ साल उजाडले. कारण त्याच्या गुणधर्मांतच आहे. हा वायू रंगहीन, गंधहीन आणि निष्क्रिय; इतरांशी सहसा संयोगच पावत नाही. शिवाय इतका हलका की वातावरणातून हळूहळू अवकाशात निसटतो. विल्यम रॅमसे यांना तो क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजात कोंडलेला मिळाला.

६/ आता विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर खरोखरच येथे आले. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या वेधशाळेचे नायगमवाला यांनी जेऊर येथे तळ दिला होता. कट्ट्यांचा लॉकयर यांच्याशी संबंध जोडायचा, तर तो १८९८ शी जोडावा लागेल. तोवर हेलियम प्रयोगशाळेत सापडून जवळपास तीन वर्षे लोटली होती.

७/ भारतातील दुसऱ्या एका किल्ल्यावरूनही लॉकयर यांनी ग्रहण पाहिले होते: १८७१ साली, मलबार किनाऱ्यावरील बेकल येथून. तीन ग्रहणे आणि दोन किल्ले एका व्यक्तीभोवती आले, की स्मृतीत त्यांची सरमिसळ होणे स्वाभाविक आहे.

८/ यामुळे विजयदुर्गाचे महत्त्व उणावते का? मुळीच नाही. आंग्र्यांच्या आरमाराचा हा दुर्ग खगोलशास्त्राच्या इतिहासातही आहेच. फक्त तीस वर्षांनी पुढे. उलट या दंतकथेमुळे जमखंडी, गुंटूर आणि जेऊर मात्र झाकोळली जातात. अभिमानाला खऱ्या तारखेचा आधार असला, तर तो कोणत्याही दप्तरखान्यात ताठ मानेने उभा राहतो.