ताव कुणी बघायचा?

आमच्या गुऱ्हाळात थर्मामीटर नव्हता. कागल तालुक्यातल्या आमच्या गावात हंगाम सुरू झाला की आबा काहिलीपाशी उभे असत, आणि आधण कधी उतरवायचं हे फक्त तेच सांगत. रस उकळायला लागला की भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती काढून टाकायची, मग नुसतं बघत राहायचं. फेसाचा रंग बदलतो, बुडबुडे जड होतात, वास फिरतो. आबा फावडीवरचा थेंब गार पाण्याच्या भांड्यात सोडत, त्याची गोळी चिमटीत धरत आणि भांड्याच्या काठावर आपटत. टण्ण आवाज आला की ओरडत, "उतरा!" चार माणसं काहील धरत आणि पाक वाफ्यात पडे. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपणार, लवकर उतरवला तर ढेप बसणार नाही. पुढे कॉलेजात असताना मी एकदा काचेचा थर्मामीटर घेऊन गेले. आबांनी "उतरा" म्हटलं तेव्हा पारा ११८ अंशांच्या आसपास होता. दुसऱ्या आधणालाही तिथंच.

ज्याला हात लावता येत नाही त्याचा ताव ओळखणं हीच पुढे माझी नोकरी झाली. शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी गांधीनगरजवळच्या भाट गावात, इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये रुजू झाले आणि निवृत्तीपर्यंत प्लाझ्माचं तापमान मोजलं. या मोजण्याच्या धंद्याला जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत. त्यातला एक प्रसंग प्रत्येक शिकणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवा, असं मला फार वाटतं. पण त्याआधी 'प्लाझ्मा' या नावाची गोष्ट सांगते, कारण ती रक्तातून आलेली आहे.

वायूमधून जोराची वीज गेली की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वायू वीज वाहू लागतो. अमेरिकेतल्या स्केनेक्टडी इथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अर्विंग लँगम्यूरने १९२८ मध्ये त्याला 'प्लाझ्मा' म्हटलं. त्याचा सहकारी मॉट-स्मिथ याने पुढे लिहून ठेवलं की, रक्तातला प्लाझ्मा जसा तांबड्या-पांढऱ्या पेशी आणि जंतू वाहून नेतो, तसा हा वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो, हे साम्य लँगम्यूरला दिसलं होतं. या दोघांनी मोजण्याची पहिली भरवशाची रीतही दिली. प्लाझ्मात एक बारीक तार खुपसायची, तिच्यावरचा विद्युतदाब हळूहळू बदलायचा आणि तारेत किती प्रवाह येतो ते बघायचं. प्रवाह कसा चढतो, यावरून इलेक्ट्रॉनांचं तापमान निघतं.

या तारेने जे दाखवलं ते मला आजही नवलाचं वाटतं. आपल्या माजघरातली जुनी ट्यूबलाइट घ्या. तिच्या आतले इलेक्ट्रॉन अकरा हजार अंशांच्या घरात तापलेले असतात, आणि काच मात्र हाताला कोमट लागते. इलेक्ट्रॉन अणूच्या मानाने इतका हलका, की हजार धडका दिल्या तरी अणूला त्याचा ताप फारसा पोचत नाही. एकाच नळीत, एकाच जागी दोन तापमानं सुखाने नांदतात. म्हणून प्लाझ्मावाल्याला "तापमान किती?" असं विचारून भागत नाही. कुणाचं, हेही विचारावं लागतं.

प्लाझ्मा जीवशास्त्राच्या दारात आला तो या दोन तापमानांमुळेच. वेर्नर फॉन सीमेन्सने १८५७ मध्ये काचेच्या नळ्यांमध्ये विजेची अशीच थंड लुकलुक पेटवून ओझोन तयार केला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये नीस शहराचं पिण्याचं पाणी ओझोनने जंतुमुक्त होऊ लागलं. १९९६ मध्ये अमेरिकेत मुनीर लारूसी याने साध्या हवेच्या दाबाखालच्या प्लाझ्माने जंतू मरतात हे दाखवलं. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डमध्ये घडलेलं, आर्गॉन वायूवर चालणारं पेनासारखं उपकरण २०१३ मध्ये वैद्यकीय साधन म्हणून मान्य झालं, आणि न भरणाऱ्या जखमांवर ते वापरतात. जंतूंना मारतात ते प्लाझ्माने हवेतून बनवलेले ऑक्सिजन-नायट्रोजनचे चंचल रेणू. ताप नव्हे. तिथे मोजणाऱ्याचा प्रश्न उलटा असतो, हे पुरेसं थंड आहे ना? आम्ही नायट्रोजनच्या रेणूने सोडलेल्या प्रकाशातल्या बारीक रेषा बघून वायूचं तापमान काढायचो. मी स्वतः अशा हेलियमच्या जांभळट धारेत बोट धरलं आहे. झुळूक लागावी इतकंच जाणवलं.

गरम प्लाझ्माची गोष्ट वेगळी. तिथे तार घातली तर तार वितळते आणि तिच्या धातूने प्लाझ्माही विझतो.

सूर्यात हायड्रोजनचे केंद्रक एकमेकांत मिसळून, म्हणजे संमीलनाने, ऊर्जा देतात, ते पृथ्वीवर करायचं तर कोट्यवधी अंश हवेत. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून दोन दशकांत ही ऊर्जा काबूत येईल असं भाकीत केलं. तेव्हा सगळ्याच देशांत हे काम कुलुपाआड चालू होतं. पुढच्या वर्षी, २५ एप्रिल १९५६ रोजी, रशियाचा इगोर कुर्चातोव्ह इंग्लंडच्या हार्वेल प्रयोगशाळेत उभा राहिला आणि रशियाचं बरंच गुपित त्याने उघडं केलं. त्यात एक इशारा होता: आम्हाला प्लाझ्मातून संमीलनाची खूण मानले जाणारे न्यूट्रॉन मिळाले, पण ते तापाने झालेल्या संमीलनाचे नव्हते, विजेच्या धक्क्याने काही कण भलत्याच वेगाने पळाले म्हणून ते आले.

ज्या जागी हा इशारा दिला गेला, तिथेच दोन वर्षांत ठेच लागली. हार्वेलमध्ये 'झेटा' नावाचं मेदूवड्याच्या आकाराचं मोठं यंत्र होतं. जानेवारी १९५८ मध्ये त्यातून न्यूट्रॉन निघाल्याचं आणि पन्नास लाख अंश गाठल्याचं जाहीर झालं. संचालक जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी हे संमीलनाचेच न्यूट्रॉन असल्याची नव्वद टक्के खात्री बोलून दाखवली आणि वर्तमानपत्रांनी समुद्राच्या पाण्यातून अखंड वीज मिळणार म्हणून मथळे दिले. हार्वेलच्याच बॅसिल रोझ यांनी न्यूट्रॉनची ऊर्जा पुढच्या आणि मागच्या दिशेला वेगळी भरते का, हे तपासलं. ती वेगळी भरली. सगळीकडून सारखा ताप असता तर तसं झालं नसतं. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला. तापमानही फसवंच होतं. वर्णपटातली रेषा रुंद दिसली म्हणून ताप जास्त धरला, पण वायू आत खळबळत असेल तरी रेषा रुंद होतेच. काहीलभर फेस आला म्हणून पाक झाला असं कुठलाही गुळव्या म्हणणार नाही. पण रोझ हार्वेलचेच होते. स्वतःच्या घरातली चूक त्यांनी स्वतः मोजून काढली, याचं मोल मला फार वाटतं.

त्यानंतर दहा वर्षं या क्षेत्रावर मळभ होतं. प्लाझ्मा कुठेच टिकत नव्हता. ऑगस्ट १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच उभे राहिले आणि मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतल्या टी-३ या टोकामाकात, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्यासारख्या यंत्रात, इलेक्ट्रॉन एक कोटी अंशांपर्यंत तापल्याचं सांगितलं. इतरांच्या आकड्यांच्या कितीतरी पुढची ही गोष्ट. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या लोकांना ती पटेना. त्यांची शंका वाजवी होती. रशियनांनी ताप थेट मोजला नव्हता, प्लाझ्माच्या चुंबकीय वागण्यावरून काढला होता. थोडे इलेक्ट्रॉन जरी बेफाम पळत असले तरी तसाच आकडा आला असता. झेटाची आठवण ताजी होती.

आर्त्सिमोविच यांनी यावर जे केलं त्यासाठी माझा हात आपोआप जोडला जातो. त्यांनी ब्रिटनच्या कलम प्रयोगशाळेच्या बॅस पीझ यांना सांगितलं, तुमच्याकडे लेझरने मोजण्याची विद्या आहे, या आणि आमचं यंत्र मोजा. त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. तरी हे ठरलं. डेरेक रॉबिन्सन आधी गेला, मग सुमारे पाच टन सामान मॉस्कोला रवाना झालं, आणि निकोल पीकॉक, माइक फॉरेस्ट, पीटर विल्कॉक हेही कुर्चातोव्ह संस्थेत पोचले. बाँबचं काम जिथे झालं त्या आवारात परक्या देशाची माणसं लेझर मांडून बसली होती.

ती रीत पुढे माझीही झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते. रुबी लेझरची लाल चमक प्लाझ्मात सोडायची. तिची तरंगलांबी ६९४.३ नॅनोमीटर, अगदी नेमकी, एकसुरी. सुटे इलेक्ट्रॉन तो प्रकाश थोडासा उडवतात, आणि इलेक्ट्रॉन स्वतः पळत असल्याने उडालेला प्रकाश मूळ रंगाच्या दोन्ही बाजूंना पसरतो. आगगाडीची शिट्टी जवळ येताना आणि लांब जाताना जशी बदलते, तसाच हा प्रकार. एक कोटी अंशांना इलेक्ट्रॉन सेकंदाला एकोणीस हजार किलोमीटरच्या आसपास धावतात, त्यामुळे पसारा चांगलाच रुंद होतो. त्या पसाऱ्याच्या नुसत्या रुंदीवर भागत नाही, त्याचा आकार बघायचा. घंटेसारखा नीट उतरता असेल तर सगळी गर्दी खरोखर तापलेली आहे. एखादं टोळकं पळत असेल तर आकार विस्कटतो. शंकेचं उत्तर या आकारातच होतं.

अवघड काय, तर प्रकाश मिळतो फार थोडा. एक जूलच्या चमकेत साडेतीन अब्ज अब्ज प्रकाशकण असतात, आणि सेंटिमीटरभर प्लाझ्मातून जाताना शंभर अब्जांतला एखाददुसराच उडतो. त्यातलेही फार थोडे आपल्या भिंगात येतात. बाकीचा लेझर खिडकीवर, भिंतीवर आपटून आला तर सगळं बुडालं. म्हणून नळीच्या पलीकडे काळं शिंग बसवायचं, त्यात तो प्रकाश जिरवायचा, आणि मागची भिंतही काळी.

१९६९ च्या उन्हाळ्यात या मंडळींनी मॉस्कोत घंटेसारखा आकार पाहिला. आर्त्सिमोविच खरं बोलत होते. १ नोव्हेंबर १९६९ च्या 'नेचर'मध्ये निबंध आला, आणि प्रिन्स्टनने लायमन स्पिट्झर यांच्या परंपरेतलं प्लाझ्मा कोंडायचं आपलं वेगळ्या धर्तीचं मोठं स्टेलरेटर यंत्र मोडून १९७० मध्ये त्याचंच टोकामाक करून टाकलं. जगभर टोकामाक उभे राहू लागले.

त्या लाटेत आपणही आलो. प्रिन्स्टनहून परतलेल्या प्रधिमन कृष्ण काव यांच्या पुढाकाराने अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये प्लाझ्माचा कार्यक्रम सुरू झाला, १९८६ मध्ये त्याची भाटला स्वतंत्र संस्था झाली आणि १९८९ मध्ये 'आदित्य' हा टोकामाक चालू झाला. त्याचं मोठं वर्तुळ पाऊण मीटर त्रिज्येचं. एक शॉट सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका, आणि त्यात लेझरची एकच चमक, म्हणजे एकच आकडा. सकाळी हेलियम-निऑनच्या बारीक लाल किरणाने वाट जुळवायची, चष्मे चढवायचे, दिवे घालवायचे, मोजणी उलटी सुरू झाली की श्वास रोखायचा. दिवसाचे वीस-पंचवीस आकडे जमले की वहीत एक वक्र काढता यायचा. ते काम मला कधी कंटाळवाणं वाटलं नाही.

एकदा आबा आले होते. मी त्यांना पडद्यावर शॉट दाखवला. कडेला गुलाबी झळाळी आली आणि गेली.

"मधी काळोख हाय की गं. तितं काय न्हाई?"

"आबा, तितंच सगळ्यात जास्त ताप आहे. इतका, की अणूकडे उजेड द्यायला इलेक्ट्रॉनच उरत नाही. दिसतोय तो कडेचा गार भाग."

आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मग त्येचा ताव तू बघतीस. पर तू बराबर बघितलास का, ह्ये कोण बघतंय?"

आमच्याकडे गुळाचा सौदा व्हायचा तेव्हा कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात व्यापारी ढेप स्वतः फोडून, चाखून बघत असे. गुळव्याच्या शब्दावर सौदा होत नसे, आणि आबांना त्याचा कधी राग आला नाही. त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत मी त्यांना मॉस्कोची गोष्ट सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "बलिवलं कुणी?"

"ज्याचं यंत्र, त्यानंच."

आता फ्रान्समध्ये कादाराशला जे 'ईटर' हे टोकामाक उभं राहतंय, त्यात १५ कोटी अंश गाठायचे आहेत. त्याला बाहेरून वेढणारं ३८५० टनांचं क्रायोस्टॅट हे निर्वात पात्र भारताने दिलं, त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडले. तिथलाही ताव लेझरनेच बघायचा आहे.

निवृत्त होताना मी टेबलावरून एकच कागद घरी आणला, 'नेचर'मधल्या त्या निबंधाची पिवळी पडलेली छायाप्रत. वर लेखकांची नावं आहेत: पीकॉक, रॉबिन्सन, फॉरेस्ट, विल्कॉक आणि सान्निकोव्ह. पाचवं नाव मॉस्कोचं आहे.