मुकद्दस औराकच्या पेटीत टाकण्यापूर्वी

४ जुलै १७७६ च्या रात्री फिलाडेल्फियाच्या जॉन डनलॅप या मुद्रकाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापला. सुमारे दोनशे प्रती निघाल्या असाव्यात. आज २६ ठाऊक आहेत. त्यांतली एक १९८९ मध्ये उघडकीस आली. कुणीतरी जुन्या बाजारातून चार डॉलरला एक चित्र घेतले होते, त्याच्या चौकटीत मागे ती घडी करून ठेवलेली होती. १९९१ मध्ये तिला चोवीस लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

किमतीची गोष्ट बाजूला ठेवू. सरकारविरुद्धची पत्रके भिंतीवर चिकटवायला, हातोहात वाटायला छापतात. वाचली की फेकली. म्हणूनच ती दुर्मीळ होतात.

आपल्याकडेही असा कागद भरपूर छापला गेला. खिलाफत चळवळीचे मुंबई हे मोठे केंद्र होते. सोलापूरचे कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवत; १२ जानेवारी १९३१ ला त्यांना मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासह येरवड्यात फाशी दिली. १९४२ मध्ये ‘क्विट इंडिया’ या नावाची पुस्तिका काढली ती युसूफ मेहेरअली यांनी. त्याच वर्षी मुंबईत भूमिगत काँग्रेस पत्रके निघत होती.

यातले काय उरले? गंमत अशी की ज्यांनी बंदी घातली त्यांच्याच कपाटात बरेच उरले. जप्त केलेले उर्दू, मराठी, हिंदी साहित्य आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पोलिसांनी पुरावा म्हणून जपले. आपण मात्र अदब म्हणून पुरले.

हे कडू वाटेल, पण खरे आहे. उर्दू कागदावर बिस्मिल्लाह किंवा ७८६ दिसले की तो पायाखाली येऊ नये म्हणून आपण मशिदीतल्या मुकद्दस औराकच्या पेटीत टाकतो. पुढे ते सगळे दफन होते किंवा पाण्यात सोडले जाते. कुरआनच्या जीर्ण पानांसाठी ते योग्यच आहे. पण त्याच गठ्ठ्यात आजोबांनी ठेवलेले खिलाफतचे पत्रकही जाते. घरातल्या मुलांना उर्दू वाचता येत नाही, त्यामुळे त्यांना सगळे कागद सारखेच पवित्र आणि सारखेच निरुपयोगी.

मी राईत राहते, उर्दू आणि मराठी शिकवते. डोंगरी, मदनपुऱ्यातून मीरा रोडला आलेली घरे आमच्या ओळखीची आहेत. घर बदलताना ट्रंक रिकामी होते: अर्धी रद्दीवाल्याकडे, अर्धी पेटीत. जे उरते ते खाडीच्या दमट हवेत खराब होते.

म्हणून एवढेच करा. पेटीत टाकण्यापूर्वी उर्दू जाणणाऱ्याला दाखवा. तळाशी छापखान्याचे नाव पाहा. १८६७ च्या कायद्याने ते छापणे सक्तीचे होते, त्यामुळे जुन्या राजकीय पत्रकावर ते नसेल तर तो कागद चोरून छापलेला असण्याची शक्यता आहे. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. सपाट, कोरड्या जागी ठेवा, फोटो काढा, कुणाच्या घरातला आहे ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा.

स्वातंत्र्यलढ्यात मुसलमान कुठे होते, असे विचारले की आपण नावे सांगतो. नावांवर वाद घालता येतो. छापलेला कागद समोर ठेवला की वाद घालणे जड जाते. तो कागद आपल्याच हातांनी मातीत जाऊ नये.