‘वावरमा’ला किती गुण?

साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरला शिकवत होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत होते, हे खानदेशात बहुतेकांना ठाऊक असते. शिरपूरहून तापी ओलांडली की अमळनेर काही फार लांब नाही. पण त्या काळी निबंधाच्या वह्या तपासणारे शिक्षक एकमेकांशी काय बोलत, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. आपला शैक्षणिक इतिहास एकट्या शिक्षकाचा आहे. चार मास्तरांनी एका टेबलाभोवती बसून मुलांचे लेखन कसे शिकवायचे, कसे तपासायचे हे ठरवले, तर त्याचे चरित्र कोण लिहिणार? मी शोधतो आहे ते हे टेबल.

त्याचा कागदावरचा अवतार जुना आहे. 1861 साली पुण्यात ‘मराठी शालापत्रक’ सुरू झाले. पुढे कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री या चिपळूणकर पितापुत्रांनी ते चालवले. गावोगावच्या शिक्षकांना एकत्र बोलावणे शक्य नव्हते, म्हणून मासिक त्यांच्याकडे गेले. मात्र मुलाचा निबंध पुढ्यात ठेवून वाद घालण्याची सोय मासिकात नसते.

ती सोय परीक्षेने केली, आणि तीही नाइलाजाने. 1912 साली स्टार्च आणि एलियट या अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका 142 शिक्षकांकडून तपासून घेतली; गुण 64 पासून 98 पर्यंत पसरले. आपल्याकडे 1949 साली मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. शालान्त परीक्षेच्या तपासणीत परीक्षक, त्याच्यावर नियामक, त्याच्यावर मुख्य नियामक अशी उतरंड रुळली. आधी सभेत नमुना उत्तरे ठरतात, मग नियामक परीक्षकाच्या काही उत्तरपत्रिका पुन्हा तपासतो. गणितात हे निभते. निबंधाचे नमुना उत्तर कसे काढणार?

शुद्धलेखनाचेच बघा. मराठी साहित्य महामंडळाच्या चौदा नियमांना 1962 साली शासनमान्यता मिळाली, 1972 साली आणखी चार नियम आले. ‘नांव’, ‘पांच’ असे लिहायला शिकलेला शिक्षक आता तोच अनुस्वार चूक धरू लागला. कालची शुद्धी आज चूक होऊ शकते, हे एका पिढीने स्वतःच्या हातांनी अनुभवले. माझ्या मते त्या पिढीच्या आठवणी कुणीतरी गोळा करायला हव्या होत्या.

शिरपूर तालुक्यात हा प्रश्न अनुस्वारापाशी थांबत नाही. इथला मुलगा घरी अहिराणी, गुजर बोली किंवा सातपुड्याच्या बाजूला पावरी बोलतो आणि शाळेत प्रमाण मराठी लिहितो. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाचे. पाठांतर तिथे फारसे कामाला येत नाही, मुलाला स्वतःचे वाक्य लिहावे लागते. आणि स्वतःचे वाक्य म्हटले की घरची भाषा डोकावतेच.

मी तालुक्यात मराठी शिकवत असताना तीन शाळांतल्या आम्ही पाच जणांनी नववीचे निबंध, नावे झाकून, आळीपाळीने तपासले. चहा दोनदा झाला, पण पहिल्या निबंधावरून आम्ही पुढे सरकलो नव्हतो. ‘आम्ही सकाळीच वावरमा गेलो’ असे एका मुलीचे वाक्य होते. अहिराणीत ‘मा’ म्हणजे मराठीतला ‘त’. बांधावरचे दव, बैलाच्या तोंडची वाफ, आईच्या पदरातली भाकरी, सगळे तिने नीट पाहिले होते. आठपैकी कुणी तीन गुण दिले, कुणी सात. तीन देणाऱ्याने विभक्ती मोजली होती, सात देणाऱ्याने दव. मी सहा दिले होते.

तासभर वाद झाला. शेवटी ठरले ते असे: आशय आणि रचना यांचे गुण वेगळे धरायचे. घरच्या भाषेतून आलेले रूप अधोरेखित करायचे, पण एकच रूप पाचदा आले तरी गुण एकदाच कापायचा. आणि पुढच्या आठवड्यात पाचही वर्गांत ‘घरमा–घरात’, ‘वावरमा–वावरात’ फळ्यावर शेजारी शेजारी मांडायचे. हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण तपासणीतून पाठ निघाला.

तीन गुण देणाऱ्या सहकाऱ्याने हे सगळे मान्य केले. मग वही मिटत तो म्हणाला, “दहावीला हिचा पेपर ज्याच्याकडे जाईल, तो आज इथं बसलेला नाही.”