ठिणगीची वेळ कोण ठरवतो? चालकाच्या दांड्यापासून संगणकापर्यंत

१/ पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पडावी, हा निर्णय एका शतकात तिघांकडून तिघांकडे गेला : चालक, यंत्र आणि संगणक. प्रत्येक वेळी सत्ता बदलली, तशी दोष शोधण्याची रीतही बदलली. या सत्तांतराचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आधी मूळ अडचण समजून घेऊ. सिलिंडरमधील मिश्रण ठिणगी पडताच क्षणात जळून जात नाही. ढोबळमानाने दोन सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला १,००० फेऱ्या असतील तर तेवढ्यात क्रँकशाफ्ट १२ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांना ३६ अंश. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी टाकावी लागते. हाच ‘अ‍ॅडव्हान्स’. उशीर झाला तर शक्ती वाया जाते. फार घाई झाली तर नॉकिंग होऊन पिस्टनच निकामी होऊ शकतो.

३/ १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये हा निर्णय चालकाचा होता. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूस त्यासाठी स्वतंत्र दांडा असे. गाडी हँडल मारून सुरू करताना तो दांडा मागे घ्यायचा राहिला, तर इंजिन उलट झटका देई आणि मनगट मोडे. वेळ चुकल्याची किंमत हाडांनी मोजावी लागे.

४/ चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारण्याची गरज सरू लागली. पुढे डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने वेगानुसार, तर व्हॅक्यूमचा पडदा भारानुसार ठिणगी पुढेमागे करू लागला. दांडा नाहीसा झाला. मेकॅनिकने टायमिंग लाइट पुलीवर धरावा, डिस्ट्रिब्युटर सैल करून किंचित फिरवावा, खूण जुळली की आवळावा. दिसेल तेच खरे, असा तो काळ होता.

५/ नॉकिंगचा शत्रू मात्र शिल्लक होता. १९२१ मध्ये केटरिंग यांच्याच प्रयोगशाळेतील थॉमस मिजली यांनी त्यावर पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा उपाय शोधला. इंजिन शांत झाले, पण विष धुरातून हवेत पसरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर बंद व्हायला २००० साल उजाडावे लागले.

६/ अमेरिकेत १९७० च्या हवाशुद्धी कायद्याने धुरावर कठोर बंधने आणली. वजने आणि स्प्रिंगा यांना तेवढी अचूकता साधणे कठीण होते. १९७६ च्या क्रायस्लर ‘लीन बर्न’ मध्ये ठिणगीची वेळ इलेक्ट्रॉनिक संगणकाकडे गेली. पण तो बसवला होता तापणाऱ्या, थरथरणाऱ्या इंजिनाच्या एअर क्लीनरवर. बिघाड इतके झाले, की अनेकांनी तो काढून साधी प्रणाली बसवली. १९७७ च्या ओल्ड्समोबाइल टोरोनाडोत मायक्रोप्रोसेसर आला. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मधील बॉशच्या ‘मोट्रॉनिक’ने इंधन आणि ठिणगी एकाच संगणकाच्या हाती दिली.

७/ येथून मेकॅनिकची खरी परीक्षा सुरू झाली. ऐंशीच्या दशकातील पाच लिटरच्या फोर्ड मस्टँगमध्ये डिस्ट्रिब्युटर होता, पण अ‍ॅडव्हान्स संगणक देई. मूळ टायमिंग १० अंशांवर हवे. कोणी जुन्या सवयीने लाइट लावून खूण थेट १० वर आणली, तर त्यात संगणकाने वाढवलेले अंशही मोजले जात. परिणामी मूळ टायमिंग मागे पडे आणि गाडी मरगळे. योग्य रीत अशी : ‘स्पाउट’ नावाचा छोटा कनेक्टर आधी काढायचा, म्हणजे संगणकाचा हुकूम थांबतो, मग मोजायचे, जुळवायचे आणि कनेक्टर पुन्हा लावायचा.

८/ खूणही फितूर होऊ शकते. कित्येक इंजिनांत पुढच्या पुलीची बाहेरची कडी रबराने जोडलेली असते. रबर जुने झाले की कडी सरकते. टायमिंग बरोबर असूनही खूण चुकीची दिसते. म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन माथ्यावर आणून खूण तपासणे, ही पहिली पायरी.

९/ पुढे डिस्ट्रिब्युटरच गेला. फिरवायला काही उरले नाही. अनेक इंजिनांत ६० पैकी दोन दाते गाळलेले चक्र सेन्सरला क्रँकची जागा सांगते. येथे एक सूक्ष्म फसगत आहे. स्कॅनरवर दिसणारे अंश ही संगणकाने दिलेली आज्ञा असते, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. चक्र सरकले किंवा ट्यूनिंग करताना त्याचा कोन चुकीचा भरला, तर पडद्यावर १५ दिसतील आणि ठिणगी भलत्याच वेळी पडेल. म्हणून बाहेरून बसवलेल्या संगणकातही टायमिंग आधी एका आकड्यावर गोठवतात आणि टायमिंग लाइटने पडताळतात.

१०/ साधने बदलली, तरी तपासाचा क्रम इतिहासानेच शिकवला आहे : आधी खूण खरी आहे का ते पाहावे, मग निर्णय घेणाऱ्याला क्षणभर गप्प करावे, आणि त्यानंतरच मोजावे. आज्ञा आणि घटना यांतील अंतर ओळखणे, ही इतिहासाच्या अभ्यासकाचीही पहिली कसोटी आहे. कागदावरचा हुकूम आणि रणांगणावर घडलेले, हे नेहमी एकच असते असे नाही.