दुसरी प्रत : फ्लॉपीपासून एक्स्टर्नल हार्ड डिस्कपर्यंत



तुमच्या प्रकल्प अहवालाची फाइल या क्षणी किती ठिकाणी आहे? वर्गात हा प्रश्न विचारला की बरेच जण खात्रीने सांगतात, "एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवली आहे." आणि लॅपटॉपवर? "तिथली काढून टाकली, जागा कमी पडत होती." म्हणजे फाइल एकच राहिली, तिची फक्त जागा बदलली. बॅकअप म्हणजे मूळ फाइल जागच्या जागी ठेवून केलेली दुसरी प्रत. साठवण आणि बॅकअप यांतला हा गोंधळ कसा झाला, हे समजण्यासाठी वैयक्तिक संगणकाच्या इतिहासात थोडे मागे जाऊ.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. काम फ्लॉपीवर चाले आणि सुरक्षिततेसाठी एका फ्लॉपीची दुसरी फ्लॉपी करून ठेवत. मार्च १९८३ मध्ये त्याच कंपनीचा 'एक्सटी' आला तो १० मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन. वर्षभराचे काम आता एकाच यंत्राच्या पोटात राहू लागले आणि ते एकाच वेळी नाहीसे होण्याची भीतीही आली. म्हणून त्याच्याबरोबर आलेल्या डॉस २.० मध्ये 'बॅकअप' आणि 'रिस्टोअर' अशा दोन आज्ञा होत्या.

या आज्ञा वापरणे किती कष्टाचे होते, ते स्वतः हिशेब करून पाहा. एका फ्लॉपीची क्षमता ३६० किलोबाइट. डिस्क भरलेली असेल तर २९ फ्लॉपी लागत. संगणक एकेक फ्लॉपी मागत जाई. तुम्ही ती घालायची, भरली की काढायची, तिच्यावर क्रमांक लिहायचा, पुढची घालायची. मोठी फाइल दोन फ्लॉपींवर विभागली जाई, त्यामुळे त्यांतली एक खराब झाली की दुसरीवरच्या तुकड्याचा फारसा उपयोग उरत नसे. इतका उपद्व्याप रोज कोण करणार? बहुतेक जण करत नसत. पण करणाऱ्याला एक गोष्ट नक्की ठाऊक असे : ही प्रत आहे, मूळ फाइल संगणकात आहे. फ्लॉपीच्या गठ्ठ्याला कोणी कपाट समजत नसे.

पुढे हार्ड डिस्क झपाट्याने मोठ्या होत गेल्या, फ्लॉपी मात्र १.४४ मेगाबाइटवर अडकली. मधल्या काळात १०० मेगाबाइटची झिप डिस्क आली, सुमारे ६५० मेगाबाइटची सीडी आली. खरा फरक पडला तो यूएसबीमुळे. १९९६ च्या पहिल्या यूएसबीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट. त्या वेगाने १० गिगाबाइट उतरवायला जवळजवळ दोन तास लागतील. एप्रिल २००० मधील यूएसबी २.० ने हा वेग ४८० मेगाबिटवर नेला. कागदावर तेच काम तीन मिनिटांच्या आत; प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ लागे, पण दोन तास नक्कीच नाहीत. शिवाय अडीच इंची डिस्कला वीजही त्याच वायरीतून मिळू लागली. डिस्क खिशात मावू लागली, स्वस्त झाली आणि इथेच तिचा अर्थ बदलला. संगणक भरला की सामान तिच्यात हलवायचे, अशी सवय लागली. बॅकअपचे साधन माळा बनले. माळ्यावर टाकलेल्या वस्तूची दुसरी प्रत कोणी करत नाही.

प्रत केली म्हणजे झाले, असेही नाही. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना, १९९८ मध्ये, पिक्सारच्या संगणकांवर चुकून फाइली पुसण्याची आज्ञा दिली गेली. पडद्यावर वूडी या पात्राच्या फाइली एकामागून एक नाहीशा होताना लोकांनी पाहिल्या. बॅकअप होता, पण तो नीट काम करत नव्हता आणि हे तोवर कोणाच्या लक्षात आले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून मोटारीतून स्टुडिओत आणला गेला. (पुढे कथा पसंत न पडल्याने चित्रपटाचा मोठा भाग नव्याने केला गेला, ही गोष्ट वेगळी.) अधिकृत बॅकअप त्याच संस्थेत असून निकामी ठरला, कामी आली ती दूर असलेली आणि रोजच्या वापरातली प्रत.

२००७ मध्ये ॲपलने मॅक संगणकांसाठी 'टाइम मशीन' आणले. एक्स्टर्नल डिस्क जोडून ठेवा, दर तासाला प्रत आपोआप होईल. माणसाच्या आळसावरचा हा चांगला उपाय होता. पण त्यासाठी डिस्क सतत जोडलेली हवी आणि दहा वर्षांनी त्यातच नवा धोका दिसला. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'ने जगभरातील विंडोज संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. असे खंडणीखोर प्रोग्राम केवळ आतल्या डिस्कवर थांबत नाहीत. त्या वेळी जी एक्स्टर्नल डिस्क जोडलेली असेल, तिच्यावरच्या फाइलीही जातात. मूळ आणि प्रत, दोन्ही एकाच तडाख्यात.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाशी जोडला जाणारा '३-२-१' नियम तुम्ही ऐकला असेल : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे जड वाटेल, पण लॅपटॉप, एक एक्स्टर्नल डिस्क आणि गावी घरी ठेवलेली दुसरी प्रत, एवढ्यात ते बसते. लॅपटॉप आणि डिस्क एकाच बॅगेत घेऊन रेल्वेने प्रवास करणाऱ्याची मात्र दोन्ही एकदमच चोरीला जाऊ शकतात. आठवड्यातून एकदा डिस्क जोडा, प्रत करा, त्यातली एखादी फाइल उघडून पाहा, डिस्क काढा आणि तिच्यावर तारीख लिहा. एक्सटीचा मालकही १९८३ साली फ्लॉपीवर असाच क्रमांक टाकत होता.