थैलीचे तोंड

बँकेत रोखपाल असताना मी एकदा नाण्यांच्या कापडी पिशवीला 'थैली' म्हणालो. बदलून आलेले पुण्याचे साहेब हसले. म्हणाले, "मराठी बोला हो, ही काय हिंदी?" आमच्या वऱ्हाडात बाजाराची पिशवीसुद्धा थैलीच. मी गप्प बसलो. पण त्या दिवसापासून हा शब्द वाचनात जिथे भेटेल तिथे टिपून ठेवू लागलो.

पैशाच्या पिशवीने मराठीला बरेच शब्द दिले. फारसीत 'कीसा' म्हणजे पैशाची पिशवी. तिचा आपल्याकडे 'खिसा' झाला आणि ती अंगरख्यालाच शिवली गेली. अरबी 'खरीता' हीदेखील पिशवीच. राजपत्रे तिच्यातून जात, म्हणून 'खलिता' म्हणजे पत्र झाले. 'पोते' म्हणजे सरकारी खजिना. त्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस आणि नाणी पारखणारा पोतदार आज आडनावांत उरले. बटव्यातले पैसे तर केव्हाच संपले. आता 'आजीबाईचा बटवा' म्हटले की औषधेच आठवतात.

थैली मात्र पैशाला धरून राहिली, आणि तीही चारचौघांत. खिसा एकट्याचा असतो. थैली वर्गणीने भरते, सभेत दिली जाते. ती 'अर्पण' करतात. खिसा कोणी अर्पण करत नाही.

याचे मोठे उदाहरण साहेबांच्या पुण्यातलेच आहे. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली. लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. ती स्वतःकडे न ठेवता टिळकांनी राष्ट्रकार्याला दिली. त्याच दिवशी सरकारची नोटीस आली: वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्या. लोकांनी विश्वासाने दिलेले लाख रुपये एकीकडे, सरकारने अविश्वासाने मागितलेले चाळीस हजार दुसरीकडे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. टिळकांची बाजू जिनांनी मांडली होती.

याच शब्दाला 'शहा' जोडला की शिवी होते. थैलीशहा म्हणजे नुसता श्रीमंत नव्हे, थैलीच्या जोरावर राज्य करू पाहणारा. एकाच शब्दाला मान आणि तिरस्कार दोन्ही कसे चिकटले? मला वाटते, थैलीकडून मराठी माणसाची एकच अपेक्षा आहे: तिचे तोंड सुटले पाहिजे. लोकांसाठी सुटले तर सत्कार, स्वतःसाठीच आवळले तर 'थैलीशहा'.

साहेब केव्हाच निवृत्त झाले. भेटले तर एवढेच सांगेन, की हा शब्द मराठीच आहे; तुमच्या पुण्याने तो भर सभेत वापरला आहे.